कोणती भिंत घर पेलते?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हिंगोली, वसमत, कळमनुरी किंवा औंढ्याच्या जुन्या गल्ल्यांतून हिंडले तर कुठे ना कुठे एखाद्या घराचे काम निघालेले दिसतेच. रस्त्याकडच्या ओसरीला शटर लावून दुकान काढायचे असते. मुलाचे लग्न ठरलेले असते आणि दोन अंधाऱ्या खोल्यांचा एक हॉल करायचा असतो. अशा प्रत्येक कामात एक क्षण हमखास येतो. घरमालक मधल्या भिंतीवर हात ठेवतो आणि मिस्त्रीला विचारतो, 'ही काढली तर चालेल ना?' मिस्त्री भिंतीवर दोन थापा मारतो, कान देऊन आवाज ऐकतो आणि म्हणतो, 'काढा मालक, हिच्यावर काही नाही.'

पुष्कळदा ते खरेही निघते. पण ज्या वेळी खरे निघत नाही, त्या वेळी ते कळायला फार उशीर झालेला असतो. ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली, ती गोष्ट निराळी. आपल्याला ती नुसती काढायची असते, आणि तेवढ्यासाठीही तिची पूर्वपीठिका ठाऊक असावी लागते.

मी इंजिनीअर नाही. जुन्या घरांच्या नोंदी करण्याचा नाद आहे, आणि त्या नादात सुतार-गवंड्यांच्या मागे लागून जे ऐकले, पाहिले, ते सांगतो आहे. माझे म्हणणे एवढेच की भिंत भार घेते की नाही हा प्रश्न जितका बांधकामाचा आहे तितकाच इतिहासाचा आहे. घर कोणत्या काळात उभे राहिले आणि उभे राहिल्यावर त्याचे काय काय झाले, हे समजल्याशिवाय थापा मारून काही कळत नाही.

आपल्या जिल्ह्यात भार कसा वाहून न्यावा याचा सर्वात जुना आणि सर्वांनी पाहिलेला धडा औंढा नागनाथाच्या देवळात आहे. देवळाचा खालचा भाग यादवकालीन, ज्याला आपण हेमाडपंती म्हणतो त्या पद्धतीचा. वरचा भाग पुढच्या काळात चुना-विटांत उभारलेला. सभामंडपात उभे राहून जरा मान वर करावी. खांबावर आडवी तुळई, तुळईवर छताच्या शिळा. कमान नाही. दगडावर दगड बसवून वरचे ओझे सरळ खांबात आणि खांबातून जमिनीत उतरवले आहे. मंडपात गेलेला माणूस शिल्पे पाहतो, ते ठीकच आहे. पण ओझे कुठून कुठे जाते हे उघड्या डोळ्यांनी दिसेल अशी इतकी चांगली जागा जवळपास दुसरी नाही.

हाच हिशेब आपल्या पूर्वजांनी लाकडात केला. मराठवाड्यातले जुने घर म्हणजे माळवदाचे घर, कुणी त्याला धाब्याचे घर म्हणतात. दगडी तळखड्यावर सागाचा किंवा बाभळीचा खांब, दोन खांबांवर तुळई, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या घातल्या तर कडीपाट, आणि ऐपत नसेल तर नुसत्या काटक्या आणि पाला. त्यावर पांढरी माती. चार खांबांच्या मधली जागा म्हणजे खण. घर किती मोठे हे फुटांत नव्हे तर खणांत सांगायचे. 'आमचे आठ खणांचे घर' असे म्हातारी माणसे अजूनही सांगतात. वाटणीपत्रेही खणांच्या हिशेबानेच लिहिली जात. यातली मेख लक्षात घेण्याजोगी आहे. घर खणांत मोजले जाते, म्हणजे घराचा सांगाडा खांबांचा आहे. दीड-दोन हात जाडीची दगडमातीची भिंत कितीही दांडगी दिसली तरी या घरात तिचे मूळ काम आडोसा देण्याचे आहे, ऊन-वारा-चोर अडवण्याचे आहे. माळवद खांबांवर आहे.

म्हणजे मग माळवदाच्या घरात हवी ती भिंत काढावी काय? इथेच गाडे अडते.

पहिली गोष्ट अशी की सगळ्या घरांत सांगाडा पुरा नसे. लाकूड महाग. भिंतीच्या बाजूचे खांब वाचवून तुळईचे एक टोक खांबावर आणि दुसरे थेट भिंतीत खोचायचे, ही काटकसर गरीब घरांत नव्हे तर चांगल्या वाड्यांतही केलेली दिसते. एकाच घरात दर्शनी सोप्याच्या चारही बाजूंना खांब असतात आणि मागच्या माजघरात तुळया भिंतीत खोचलेल्या असतात. समोरच्या भागावरून मागच्या भागाचा अंदाज बांधणे म्हणजे लग्नातल्या पोशाखावरून माणसाची ऐपत ठरवण्यासारखे आहे. त्यातून खांब पुष्कळदा भिंतीच्या पोटात दडलेला असतो. वरून गिलावा, त्यावर चुना, आता त्यावर ऑइलपेंट. तो आहे की नाही हे शोधायचे तर तुळईचे टोक जिथे भिंतीला मिळते तिथे खाली पाहावे. गिलाव्यात उभी सरळ बारीक चीर बहुधा दिसते, कारण लाकूड आणि माती एकसारखी फुगत-आकसत नाहीत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ती मला एका म्हाताऱ्या सुताराने शिकवली. घर बांधले त्या दिवशी भार खांबावर होता, म्हणून आजही तो खांबावरच असेल असे नाही. खांबाचा पाय जमिनीशी असतो. तिथे ओल येते, वाळवी लागते. खांब आतून पोकळ होत जातो आणि वरची तुळई दरसाल केसभर खाली येते. येता येता ती शेजारच्या भिंतीवर टेकते. त्या दिवसापासून ती भिंत, जिला कुणी कधी हे काम सांगितले नव्हते, माळवद पेलू लागते. घरात कुणाला पत्ता लागत नाही. फार तर एखादे दार घासू लागते आणि सुताराला बोलावून ते तासून घेतात.

आणि पेलायचे ओझे तरी किती? माळवदावर दरवर्षी मृगाच्या आधी माती टाकायची, ठोकून घ्यायची, हा नेम. जुनी माती काढून नवी टाकणारा शहाणा विरळा. बहुतेक जण वरूनच भर घालत. तीन पिढ्यांत थर फूटभर होतो, कुठे दीड फूट. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोली धरा. फूटभर मातीचा थर म्हणजे १०० घनफूट माती, आणि तिचे कोरडे वजन साधारण साडेचार टन. आपल्या भागातल्या भाषेत सांगायचे तर पन्नास किलोची नव्वद पोती हळद त्या खोलीच्या डोक्यावर कायमची रचून ठेवली आहे. पावसात भिजली की आणखी जड. तेवढ्याच खोलीवरचा पाच इंची सिमेंटचा स्लॅब तीन टनांच्या आसपास भरतो. लोकांना स्लॅब जड वाटतो आणि माती हलकी. प्रत्यक्ष हिशेब उलटा आहे.

या सगळ्याचा भयंकर ताळेबंद ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मांडला गेला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून आलेली माणसे गाढ झोपली होती आणि चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबाद भागातील किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे भूकंपाने भुईसपाट झाली. भूकंप सुमारे ६.२ तीव्रतेचा होता. जगाच्या मानाने फार मोठा नव्हे. तरी आठ ते दहा हजार माणसे गेली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. वेगळा जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावा लागला. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात किल्लारीचा परिसर सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. पुढे २००२ मध्ये नकाशा सुधारला तेव्हा तो सर्वात खालचा पट्टाच रद्द झाला.

किल्लारीनंतर तज्ज्ञांनी पडलेल्या घरांची पाहणी केली. तिच्यातून जे बाहेर आले ते आपल्या प्रश्नाला थेट भिडणारे आहे. या जाड भिंती बाहेरून एक दिसत, पण आत त्या दोन होत्या. एक बाहेरच्या दगडांचा पदर, एक आतल्या दगडांचा, आणि मध्ये माती व खडे. दोन्ही पदरांना आरपार जोडणारे लांब दगड गवंड्यांनी घातलेलेच नव्हते, कारण तसा दगड घडवायला वेळ लागतो. हादरा बसताच पदर सुटले आणि भिंती फुगून आडव्या झाल्या. जिथे खांब-तुळयांचा सांगाडा पुरा होता तिथे काही ठिकाणी भिंती ढासळूनही माळवद वरच्या वर राहिले. जिथे तुळया भिंतीत खोचल्या होत्या तिथे भिंतीबरोबर सगळे खाली आले. पण भिंतीवर छत नव्हते म्हणून ती निरुपद्रवी ठरली असेही झाले नाही. नुसती भिंत अंगावर येऊनही माणसे दगावली.

पुढे जी दुरुस्तीची मोहीम झाली तीत भिंतींना आरपार भोके पाडून सळई आणि काँक्रीटचे जोड घालणे, खांब आणि तुळईच्या कोनात तिरपे आधार देणे, माळवदावरची माती कमी करणे असे उपाय सुचवले गेले. उपाय साधे होते, स्वस्त होते. पण लोकांच्या मनातून दगडमाती उतरली ती उतरलीच. आमच्याकडेही माणसे कित्येक रात्री अंगणात झोपली आणि मग ज्याला जमेल त्याने माळवद उतरवून स्लॅब टाकायचे मनावर घेतले.

यात जी चूक सर्रास झाली ती सांगितली पाहिजे. माळवद उतरवले की जुने सागवान मोकळे होते आणि त्याला गिऱ्हाईक तयारच असते. खांब-तुळया विकून पैसे उभे केले, आणि स्लॅब टाकला तो त्याच जुन्या दगडमातीच्या भिंतींवर. शंभर वर्षे ज्या भिंतीने फक्त स्वतःचे ओझे वाहिले तिच्या डोक्यावर एका रात्रीत तीन टन आले, आणि जो सांगाडा हे काम करत होता तो विकून टाकला. अशा घरातली कुठलीही आतली भिंत आता आडोशाची राहिलेली नाही. ती भारवाही आहे, तीही नाइलाजाने. जुने घर माळवदाचे होते म्हणून भिंत काढायला हरकत नाही, असे इथे कुणी म्हणाले तर त्याला हात जोडावेत.

माळवद आणि स्लॅब यांच्या मध्ये आणखी एक पिढी आहे. निजामाच्या अमदानीत हिंगोलीला छावणी होती, पुढे रेल्वे आली, लोखंडी गर्डर आणि शहाबादी फरशी मिळणे सोपे झाले. गर्डरवर फरशी टाकून केलेली छते जुन्या दुकानांत आणि पेढ्यांत अजून दिसतात. या घरांचे उत्तर त्यातल्या त्यात सरळ आहे. गर्डर कोणत्या दिशेने गेले आहेत ते पाहायचे. त्यांची टोके ज्या दोन भिंतींवर टेकली आहेत त्या भार घेतात. गर्डरला समांतर जी भिंत आहे ती छताचा भार सहसा घेत नाही. कडीपाटालाही हाच नियम. मात्र लांब गर्डर मधल्या भिंतीवरून पुढे गेलेला असतो, किंवा दोन आखूड गर्डर मधल्या भिंतीवर एकमेकांना भेटतात. तेव्हा मधली भिंत दोन्ही खोल्यांचे ओझे घेते, म्हणजे ती घरातली सर्वात कष्टाळू भिंत असते. हॉल मोठा करायला सगळ्यांची नजर नेमकी तिच्यावरच जाते.

मग आला सिमेंटचा जमाना. १९७० नंतर नोकरदारांनी हिंगोलीच्या नव्या वसाहतींत नऊ इंची विटांच्या भिंती उभारून वर स्लॅब टाकले. 'आमचे घर आरसीसीचे आहे,' असे हे लोक अभिमानाने सांगतात. स्लॅब आरसीसीचा आहे हे खरे, पण घर विटांच्या भिंतींवर उभे आहे. आरसीसी सांगाड्याचे घर म्हणजे पायापासून वर गेलेले कॉलम आणि त्यांना बांधणारे बीम. ते आहेत का, हे कोपऱ्यांत आणि छताखाली पाहून कळते. बीम भिंतीपेक्षा रुंद असेल तर खाली डोकावतो, नसेल तर गिलाव्यात लपतो. म्हणून जाडी पाहावी. साडेचार इंची पडदी बहुधा आडोशाची, नऊ इंची भिंत बहुधा भाराची. दोन्ही वाक्यांत 'बहुधा' मी मुद्दाम घातला आहे, कारण काटकसर करणाऱ्या मालकांनी पडदीवरही स्लॅब टेकवल्याची उदाहरणे आहेत. भिंतीच्या नेमकी वर मजल्यावर दुसरी भिंत आहे का ते पाहावे. खाली पाया आहे की ती नुसत्या फरशीवर उभी केली आहे, हे कोपऱ्यात हातभर खणून पाहावे. घराचा मंजूर नकाशा एखाद्या ट्रंकेत पडलेला असतो, तो काढावा. आणि एवढे करूनही शंका उरली तर इंजिनीअरला बोलवावे. चार भांडी कमी आली तरी चालतील, पण ही फी वाचवू नये.

कॉलम-बीमच्या नव्या इमारतीत विटांची भिंत मूळ आराखड्यात भार घेत नाही हे खरे. पण कॉलमला हात लावला तर काय होते ते २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपरला दिसले. तळमजल्यावर नूतनीकरणाचे काम चालू असलेली रहिवासी इमारत सकाळी कोसळली आणि १७ माणसे गेली. तळमजल्याचे खांब छेडले गेल्याचा आरोप तेव्हा झाला. आणि २६ जानेवारी २००१ च्या गुजरातच्या भूकंपात ज्या अनेक इमारती बसल्या, त्यांच्या तळमजल्यावर गाड्यांसाठी जागा ठेवायची म्हणून भिंतीच नव्हत्या. आडोशाची भिंतही हादऱ्याच्या वेळी इमारतीला ताठ धरते, हे त्या दिवशी कळले. आपल्याकडे २१ मार्च २०२४ ला आणि पुन्हा १० जुलै २०२४ ला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. दुसऱ्याचे केंद्र कळमनुरी तालुक्यात होते. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागातले लोक तर जमिनीतून येणाऱ्या आवाजांबद्दल कित्येक वर्षे सांगत आले आहेत. तेव्हा शटरसाठी तळमजल्याची सगळी पुढची बाजू मोकळी करताना थोडा विचार व्हावा.

भिंतीचा प्रश्न सर्वात जास्त चिघळतो तो वाटणीत. वसमतकडचे एक आठ खणांचे घर मला माहीत आहे. दोन भावांत चार-चार खण वाटले गेले. धाकट्याच्या वाट्याला रस्त्याकडची बाजू आली, थोरल्याला मागची, आणि आई थोरल्याकडे. धाकट्याला दुकान काढायचे होते. मधली भिंत त्याच्या हद्दीत येते असे वाटणीपत्र सांगत होते, आणि ते बरोबरच होते. मिस्त्रीने थापा मारून होकारही दिला होता. थोरल्याचे म्हणणे एवढेच की भिंत काढशील तर माझे माळवद कशावर राहील? त्यावर धाकट्याचे उत्तर, 'तुझे माळवद तुझ्या खांबांवर आहे. घर खणांचे आहे, भिंतींचे नाही.' पुस्तकी दृष्टीने धाकट्याचे उत्तर बिनचूक होते.

मी नोंदी घ्यायला गेलो होतो, म्हणून माझ्याबरोबर तो म्हातारा सुतार होता. त्याने तिथे दोन गोष्टी केल्या. आधी ओळंबा सोडून तुळईच्या दोन्ही टोकांची जमिनीपासूनची उंची मापली. एक टोक दोन बोटे खाली होते. मग खालच्या टोकाशी हातभर गिलावा खरवडला. भिंतीच्या पोटात खांब होता. सुताराने त्याच्या बुडाशी पटाशी लावली, ती मुठीपर्यंत आत गेली. गुडघ्याच्या उंचीपर्यंत खांब नुसता भुसा होता. तुळई खांबावरून सुटून केव्हाच भिंतीवर येऊन बसली होती, आणि त्या तुळईवरच्या कड्यांची दुसरी टोके आई झोपत होती त्या खोलीवर गेलेली होती. धाकट्याने ते पाहिले आणि काही न बोलता बाहेर जाऊन पायरीवर बसला.

पुढचे काम इंजिनीअरला विचारून झाले. दोन्ही बाजूंना लाकडी धिरे लावून तुळई हळूहळू उचलून घेतली, खांबाचा कुजलेला भाग कापला, खाली घडीव दगडाची नवी बैठक दिली, तुळई पुन्हा खांबावर आणली, माळवदावरची निम्मी माती उतरवली. मगच भिंतीत एक मोठे दार काढले. भिंत सबंध काढायचा बेत सोडून दिला. हे सगळे मृग लागायच्या आत उरकावे लागले. दुकान दिवाळीला सुरू झाले. खांब कुणाचा आणि त्याच्या दुरुस्तीचा खर्च कुणी द्यायचा, याबद्दल मात्र वाटणीपत्रात काहीच लिहिलेले नव्हते, आणि तो हिशेब दोघा भावांत अजून मिटलेला नाही.